शेवटच्याने फाटक लावायचं

१

पंक्चरवालीचा अर्धा जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला आणि उरलेला अर्धा पोरीने उघडी टाकलेली दारं लावण्यात.

फ्रीजचं दार, न्हाणीचं दार, कपाटाचं दार, दुकानातून घरात यायचं मधलं दार. साखरेच्या डब्याचं झाकणसुद्धा. पोरीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, एरवी तिला सगळे भिंगरीच म्हणत. बावीस वर्षांची झाली, तरी या खोलीतून त्या खोलीत गेली की मागे वाऱ्याला मोकळं रान. बाई कुठे कुठे फिरून आली ते उघड्या दारांवरून बरोबर कळायचं.

त्या रविवारी सकाळी पंक्चरवाली दुकानातून आत आली तर फ्रीज आ वासून उभा.

"भिंगरे! फ्रीज काय तुझ्या बापाचा आहे?"

"होता," आतून आवाज आला. "तो गेला. आता तुझा आहे."

पंक्चरवालीने लाथेने दार लावलं. हसू आलं होतं, ते तिने गिळलं. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याच्यामागे दुकान तिनेच चालवलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण सायकलीचा नुसता आवाज ऐकून कुठे काय बिघडलंय ते सांगायची. पोरीला तिने लाडाने नाही, ओरडून वाढवलं. आणि आता ती पोरगी दहा दिवसांनी दुसऱ्या शहरात नोकरीला निघाली होती. हे आठवलं की पंक्चरवाली जास्तच ओरडायची.

"तिकडे परक्याच्या घरात दारं उघडी टाकलीस ना, दुसऱ्या दिवशी बोचकं बाहेर फेकतील."

भिंगरी हेल्मेटचा पट्टा लावत बाहेर आली. लालभडक हेल्मेट, हनुवटीवर लहानपणीच्या पडण्याचा व्रण. "आज पहिल्यांदा तुमच्या टोळक्याबरोबर येतेय ना मी? मग आज भांडण नाही. आज दिवसभर तू म्हणशील ते. एक शब्द मोडणार नाही. गळ्याशपथ."

"कोणाच्या गळ्याची?"

"तुझ्या. माझा गळा तू केव्हाच दाबलायस."

तिची सायकल पंक्चरवालीने तीन मोडक्या सायकलींतून जोडली होती. एकीची चौकट, दुसरीची चाकं, तिसरीचे गियर. सगळं ठाकठीक, फक्त उजवं पॅडल खाली गेलं की 'टक्' व्हायचं. प्रत्येक फेऱ्याला एक टक्. पंक्चरवालीने दोनदा पाना हातात घेतला होता, दोन्ही वेळा पोरीने अडवलं होतं.

"असू दे गं. तेवढंच तुला कळेल, मी येतेय म्हणून."

२

टोळकं पाचांचं. पुढे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, सगळ्या वाटा त्यांच्या डोक्यात आणि सगळे नियम त्यांच्या तोंडात. मग सुतार, दीडशे किलोचं लाकूड उचलणारा, पण चढ आला की आधी त्याचाच श्वास फुलायचा. मग सरकारी दवाखान्यातली सिस्टर, पंक्चरवालीची पंचवीस वर्षांची मैत्रीण. महिन्यातला एक रविवार चौघं डोंगरवाटांना जात. आज भिंगरी पाचवी.

ती वाट एका मोठ्या कुरणामधून जायची. सात फाटकं. पहिलं डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, सातवं अलीकडच्या डांबरी रस्त्यावर, दुकानापासून चार किलोमीटरवर. दोन वर्षांमागे कुणीतरी एक फाटक उघडं टाकलं, गुरं रस्त्यावर आली, एक गाय ट्रकखाली गेली. मालकाने वर्षभर वाट बंद ठेवली. मास्तरांनी हातापाया पडून ती पुन्हा उघडवली, ती दोन अटींवर. फाटकांवर चढायचं नाही, आणि प्रत्येक फाटक लागलंच पाहिजे.

"म्हणून आपला नियम," मास्तरांनी भिंगरीला पहिल्या फाटकाशी उभं करून सांगितलं. "शेवटच्याने फाटक लावायचं, आणि लावलं की मोठ्याने ओरडायचं, 'लागलं!' ते ऐकलं की आम्ही पुढे निघतो. मागे बघत नाही."

"का? मान आखडते?"

"पोरी, वाटेवर जिथे नजर तिथे चाक. मागे बघशील तर दरीत जाशील. इथे मागचं सगळं कानांनी कळून घ्यायचं."

"आणि फाटकावर चढलीस," पंक्चरवाली म्हणाली, "तर तंगडी मोडून हातात देईन."

"आज तू म्हणशील ते, आई. सांगितलं ना."

नेहमी शेवटी पंक्चरवाली असायची. वाटेत कुणाचं काही मोडलं तर दुरुस्त करणारी मागेच हवी. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात किडा वळवळला.

"आज ही शेवटी राहील," ती म्हणाली. "सात फाटकं आहेत. एका दिवसात सात दारं लावली तर कदाचित सवय लागेल बयेला."

सिस्टर म्हणाली, "अगं, पहिल्यांदा आलीय ती. मधे राहू दे."

"मधे ठेवूनच बिघडलीय. राहू दे शेवटी."

सातही फाटकं एकाच लोहाराने केलेली आणि सारखीच खचलेली. गुडघ्याने फाटक जरा वर उचलायचं, मग साखळीचा आकडा कडीत बसायचा, ठण् करून. गुडघा न लावता नुसती साखळी ओढली की आकडा कडीवर खडखडत राहायचा. उघडताना तेच, लावतानाही तेच. पंक्चरवालीने पोरीला एकदा करून दाखवलं. पोरीने मान डोलावली आणि गुडघा न लावता साखळीशी मारामारी सुरू केली. खडखड, खडखड, एक शिवी, परत खडखड, आणि मग कधीतरी चुकून आकडा बसला.

"लागलं! मेलं एकदाचं!"

पुढून सुतार हसला. "ताई, तुमची लेक फाटक लावतेय की म्हैस बांधतेय?"

"म्हैस लवकर बांधून होते, काका," मागून उत्तर आलं.

दुसरं फाटक, तिसरं फाटक. दर वेळी तीच खडखड, तीच शिवी, आणि प्रत्येक हाक वेगळी. "लागलं हो मालक!" "लागलं, आता पदक द्या!" आणि मग पंक्चरवालीच्या पाठीमागे ते टक्, टक्, टक्. ऊन कोवळं होतं, माती कडक होती, चाकं छान धरून चालली होती. पंक्चरवालीला वाटलं, दहा दिवसांनी हा आवाज नसेल. तिने पुढच्या चढावर उगाचच जोर लावला.

३

चौथं फाटक दाट झाडीत होतं. उंच सरळसोट झाडं, खाली उजेड कमी, पाखरूही बोलत नव्हतं. मागे खडखड झाली, शिवी झाली.

"लागलं गं बाई एकदाचं!"

आणि टक्, टक् सुरू झालं. पंक्चरवाली पुढे निघाली. वीसेक पावलं गेली असेल, तर मागे लांब ठण् झालं. एकदाच, स्वच्छ. आणि आवाज आला, "लागलं."

पोरीचाच आवाज. पण पोरगी तर हाताच्या अंतरावर होती.

"दोनदा कशाला ओरडतेस गं?"

"मी कुठे दोनदा? एकदाच ओरडले."

"मग ते काय होतं?"

"डोंगर बोलला असेल. तो तरी माझं ऐकतो."

डोंगर बोलतो हे पंक्चरवालीलाही ठाऊक होतं. पण पॅडल मारता मारता तिचं डोकं चालू राहिलं. डोंगरातून आवाज परत येतो तो शेपटाकडचा येतो. 'लागलं गं बाई एकदाचं' ओरडलं तर 'एकदाचं, दाचं' परत यायला हवं. नुसतं 'लागलं' कसं येईल? आणि ते ठण् कुठून आलं? पोरीने तर खडखड करून लावलं होतं.

मग तिने स्वतःलाच झापलं. सायकल दुरुस्त करणाऱ्या बाईने पुराव्याशिवाय बोलू नये. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला तर भोक. नाही दिसला तर गिऱ्हाइकाच्या मनात भोक.

म्हणून पाचव्या फाटकाशी ती थोडं पुढे जाऊन थांबली, कान देऊन. पोरीने लावलं, खडखड करूनच. "लागलं, आणि मला भूक लागली!" ती टक्टक् करत आईजवळ येऊन थांबली. "काय झालं?"

"श्श."

पंक्चरवालीने मनात दहा आकडे मोजले. दहाव्याला मागच्या झाडीतून, जिथे चौथं फाटक होतं तिथून नाही, त्याच्या बरंच अलीकडून आवाज आला. पोरीचाच आवाज, पण त्यात हसू नव्हतं, दम नव्हता, भूक नव्हती.

"लागलं."

भिंगरीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "कोण आहे रे?" ती ओरडली. "नक्कल करतोस काय?"

सुतार पुढून म्हणाला, "असतील कुणी टवाळ पोरं. चला, पोटात कावळे ओरडायला लागले."

"आई," भिंगरी हळू म्हणाली, "आता तू राहतेस का शेवटी?"

"बघू," पंक्चरवाली म्हणाली. जेवण झाल्यावर जागा बदलायची हे तिने तेव्हाच मनात ठरवलं होतं. पण बोलून दाखवलं नाही. लगेच हो म्हणायची तिला सवयच नव्हती.

४

पाचव्या फाटकापासून दोनशे पावलांवर पत्र्याची एक शेड होती. तिथे बसून सगळ्यांनी पाव, उकडलेली अंडी आणि केळी खाल्ली. मास्तरांनी गुडघ्याला तेल चोळलं. सिस्टरच्या मागच्या टायरमधली हवा बसत होती, पंक्चरवाली तिथेच उकिडवी बसून टायर उतरवू लागली. भिंगरी तिच्या शेजारी बसली, ट्यूबला ठिगळ लावायचं सामान हातात देत.

"मी गेले की तुला करमायचं नाही," ती म्हणाली. "सगळी दारं बंद असतील. घुसमटून मरशील."

"सुखाने झोपेन."

"खोटारडी."

पंक्चरवालीने खरवडकाम चालू ठेवलं. वर बघितलं असतं तर डोळे दिसले असते. आणि डोळे लपवायला तिने मान फिरवली, तेव्हा तिला ते दिसलं. उताराखाली पाचवं फाटक. सताड उघडं.

इतका वेळ पोटात मुरलेलं सगळं तिच्या तोंडातून बाहेर पडलं.

"हे लावलंस होय तू? हे?"

भिंगरी उठून बघायला लागली. "आई, मी लावलं होतं. तूच ऐकलंस. हे बघ, हाताला गंज आहे."

"मला गंज दाखवू नकोस, फाटक दाखव. मास्तरांनी पाय धरून वाट मिळवलीय. गुरं बाहेर गेली तर तू भरून देणार आहेस?"

"जाऊ दे, मी लावून येतो," सुतार उठायला लागला.

"कुणी उठायचं नाही. जिने उघडं टाकलं ती जाईल."

भिंगरीने आईकडे बघितलं. हळूच, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "आई, मला तिथे एकटीला नको वाटतंय. तू चल ना बरोबर."

पंक्चरवालीचे हात चिकटवायच्या डिंकाने भरले होते. ठिगळ सुकत होतं. ती म्हणाली ते असं, "परगावी एकटी राहायला निघालीस, आणि दोनशे पावलं एकटी जाता येत नाही? आज मी म्हणेन ते, म्हणाली होतीस ना? मग जा."

पोरीने हेल्मेट चढवलं, सायकलीवर बसली. टक्, टक्, टक् करत ते लाल टोक उताराला लागलं आणि एका खडकाआड गेलं.

पंक्चरवालीने ठिगळ दाबून धरलं आणि कान लावला. आता खडखड होईल, शिवी होईल. झालं काहीच नाही. बराच वेळ काही नाही. मग एकदाच ठण्.

"लागलं."

गुडघा लावला वाटतं, पंक्चरवाली मनात म्हणाली. शिकली पोरगी. आणि तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

खडकाआडून लाल हेल्मेट वर आलं. सायकल चढावर सरसर येत होती, लोण्यातून सुरी फिरावी तशी. शेडशी येऊन थांबली.

"पॅडलचा आवाज गेला?" पंक्चरवालीने विचारलं.

"गेला," भिंगरी म्हणाली.

"बघा ताई," सुतार म्हणाला, "तुमच्या ओरडण्याने सायकलसुद्धा सुधारली." सगळे हसले. भिंगरीने त्याच्याकडे बघितलं, नीट, शेवटपर्यंत, नव्याने शिकणारं कुणी लक्ष देऊन बघतं तसं. पण ती हसली नाही.

"रागावली," सिस्टर पंक्चरवालीच्या कानात म्हणाली. "तुझी जीभ ना, एक दिवस कापून ठेवली पाहिजे."

पंक्चरवालीला जागा बदलायची आठवण होती. पण रुसलेल्या पोरीला पुढे ये म्हणायचं म्हणजे आपण माघार घेतल्यासारखं. निघताना भिंगरी आपोआप शेवटी राहिली.

५

पुढचा उतार लांब आणि गुळगुळीत. पंक्चरवालीच्या मागे आवाजच नव्हता. टक् नाही, चेनची कुरकुर नाही, दगडावर चाक उडाल्याचं नाही. माणूस मागे आहे की नाही तेच कळेना. दोनदा तिने "आहेस ना गं?" विचारलं. दोनदा, अगदी खांद्यापाशी, "आहे."

सहावं फाटक आलं. मास्तर, सुतार, सिस्टर पार झाले आणि उताराच्या वेगात पुढे निघून गेले. पंक्चरवाली पार झाली. मागे ठण्.

"लागलं."

आणि त्याच वेळी वरून, दूरवरून, पण स्पष्ट.

टक्. टक्. टक्.

"आई! आई, थांब ना! लावू नका फाटक, मी राहिलेय मागे!"

पंक्चरवालीने ब्रेक दाबला. चाक घसरलं, पाय टेकला. आज दिवसभर मोडला नव्हता तो नियम तिने मोडला. मागे बघितलं.

फाटक लागलेलं होतं. अलीकडे भिंगरी उभी होती, एक हात साखळीवर. लाल हेल्मेट, हनुवटीवरचा व्रण, गुडघ्यावर फाटकाची माती. पलीकडे वाट वर चढत झाडीत शिरत होती, आणि त्या झाडीत, वळणाशी, खोडांच्या मधून एक लाल ठिपका खाली येत होता.

"कोण आहे ते?" पंक्चरवालीचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

भिंगरीने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाही. चल."

"तुला ऐकू येत नाही?"

"चल, आई. लागलंय."

लाल ठिपका झाडांआड गेला. टक्टक् थांबलं, सायकल टाकून दिल्याचा आवाज झाला. मग धावत्या बुटांचा. पलीकडे साखळीच्या खांबाशी झुडपं दाट होती, तिथून एक हात आत आला आणि साखळीला भिडला. पंक्चरवालीला बोटं दिसली, नखांत गंज. साखळी खडखडायला लागली. खडखड, खडखड. गुडघा न लावता.

"आई, निघत नाही गं हे! ये ना, उघड ना!"

माणसाला विचार करायला वेळ मिळतो तो किती? पंक्चरवालीने केला तो असा. सकाळपासून काहीतरी मागे लागलंय. ते पोरीच्या आवाजात बोलतं. त्याला आत यायचंय. माझी पोरगी माझ्यासमोर धडधाकट उभी आहे, आणि हिच्यात आणि त्याच्यात फक्त हे फाटक आहे. खरी असती तर चढून आली असती. आजवर कुठला नियम पाळलाय हिने?

"चल," ती म्हणाली. भिंगरीला तिने पुढे घातलं, स्वतः मागे राहिली, आणि जन्मात मारले नव्हते इतक्या जोरात पॅडल मारले. खडखड लांब लांब जात राहिली. सातव्या फाटकाला तिने स्वतः आकडा लावला आणि वर खिशातली तार काढून तीन वेढे दिले.

डांबरी रस्त्यावर बाकीचे थांबले होते. मास्तरांनी सवयीने मोजलं. "मी, सुतार, सिस्टर, ताई, भिंगरी. पाच गेलो, पाच आलो. छान झाला दिवस."

"ताई, भूत बघितलंत काय?" सुतार म्हणाला. "चेहरा बघा, पांढरा फटक."

पंक्चरवालीने मनात पुन्हा मोजलं. पाच गेलो, पाच आलो. हिशोब तर बरोबर होता.

६

संध्याकाळी तिने पोरीची सायकल स्टँडवर चढवली आणि हाताने पॅडल फिरवलं. एक फेरा, दहा फेरे, पन्नास. आवाज नाही. नट उघडून बघितलं. आतला जो भाग झिजला होता, ज्याच्यामुळे टक् व्हायचं, तो झिजलेला नव्हता. दुकानात आलेल्या दिवशी होता तसा होता. तिने पाना खाली ठेवला. झिजलेलं लोखंड भरून येत नाही, हे सांगायला शाळा लागत नाही.

हात धुवायला ती मधल्या दाराशी आली. दार बंद होतं.

ती उघडून आत गेली. न्हाणीचं दार बंद. कपाटाचं दार बंद. सगळे खण आत सरकवलेले. ओट्यावर डबे ओळीने, झाकणं घट्ट. फ्रीज बंद. पंक्चरवाली त्या बंद दारांच्या मध्ये उभी राहिली. बावीस वर्षं हेच मागितलं होतं तिने. ओरडून, शिव्या घालून, हेच.

तिने हात लांब करून फ्रीजचं दार उघडलं. तसंच ठेवलं. खोलीत गेली, कपाट उघडलं. न्हाणी उघडली. मग दुकानात येऊन स्टुलावर बसली, पाठ घराकडे करून.

थोड्या वेळाने आत एक दार लागलं. मग दुसरं. मग फ्रीजचं रबर चिकटल्याचा तो बारीक आवाज.

"लागलं," आतून आवाज आला.

आणि तेव्हा पंक्चरवालीला आठवलं. 'आज तू म्हणशील ते. एक शब्द मोडणार नाही.' आणि त्यावर आपण काय म्हणालो होतो. फाटकावर चढलीस तर तंगडी मोडून हातात देईन.

ती चढली नव्हती. आईने सांगितलं होतं म्हणून.

७

उजाडल्या उजाडल्या ती निघाली. पोरीच्या खोलीचं दार बंद होतं. घरातलं प्रत्येक दार उघडलं, प्रत्येकाला काही ना काही अडकवलं, पाटा, खुर्ची, हातोडी. दुकानाचं शटर पूर्ण वर केलं. कुणी लुटून नेलं तरी चालेल. मग सायकलीवर बसली.

सातव्या फाटकाची तार सोडली, गुडघा लावला, फाटक सताड उघडलं आणि त्याला दगड लावला. चढ चढून सहाव्याशी आली. पलीकडे माती एकाच जागी तुडवलेली होती, खोलगट झालेली, कुणीतरी खूप वेळ तिथे उभं राहिल्यासारखी. साखळीचा आकडा आणि कडी, जिथे एकमेकांवर घासले होते तिथला गंज गेला होता आणि लोखंड चांदीसारखं चकाकत होतं.

माणूस कुणी नव्हतं.

पंक्चरवालीने फाटक उघडलं. दगड लावला. मग डोंगराकडे तोंड करून ओरडली. सबंध जन्म ओरडत आली होती, पण अशी कधी नाही.

"भिंगरे! उघडलंय गं! सगळं उघडलंय! ये!"

ऊन वर आलं. ती दगडावर बसून राहिली. कुणी आलं नाही. शेवटी तिने सायकल वळवली, उताराला तोंड केलं, आणि पहिलं पॅडल मारलं.

मागे झालं, टक्.

वळायचं नाही. जिथे नजर तिथे चाक. मागचं सगळं कानांनी. ती हळूहळू चालवायला लागली, अगदी हळू, पडेल इतकी हळू. टक्. टक्. वीस पावलं मागे. मग पंधरा. आता दमलेला श्वास ऐकू येत होता, आणि नाक ओढल्याचा आवाज, रडून झाल्यावर ओढतात तसा.

"आई, हळू ना गं. पायात जीव नाही."

"हळूच चालवतेय," पंक्चरवाली म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने मान हलवली नाही. "ये माझ्या मागे. पुढचं उघडं आहे. काही लावायचं नाही तुला. आजपासून काही लावायचं नाही."

"नक्की?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

मागून नाक ओढता ओढताच ती हसली. तेच हसू. खाली डांबरी रस्ता दिसला, सातवं फाटक दिसलं, दगड होता तिथेच होता. पंक्चरवाली फाटकातून बाहेर पडली. चाक डांबराला लागलं. टक्, टक् अगदी जवळ होतं, पाच पावलं, चार.

ठण्.

एकदाच. स्वच्छ. गुडघा लावून.

"लागलं."

पंक्चरवाली वळली. फाटक बंद होतं. दगड बाजूला, रस्त्याच्या कडेला नीट ठेवलेला. आणि फाटकाच्या अलीकडे, साखळीवर हात ठेवून, घरातले कपडे आणि पायात घरातल्या चपला घालून, चार किलोमीटर चालून आल्याची धूळसुद्धा अंगावर नसलेली, तिची पोरगी उभी होती. तिच्या मागे पलीकडून साखळी खडखडत होती. खडखड, खडखड, आणि मग एक शिवी.

"घरी चल, आई," ती म्हणाली. "दारं उघडी टाकून आलीस तू. मी सगळी लावली."